कलंदर माणसाची बैठकीची खोली

आमचं घर बांधून झालं तेव्हा पुढच्या खोलीत ठेवायला आमच्याकडे काहीच नव्हतं. भाड्याच्या जागेतून आलेलं सामान स्वयंपाकघरात आणि झोपायच्या खोल्यांत मावून गेलं होतं. रत्नागिरीच्या वेशीवरचं जांभ्या दगडाचं ते नवं घर. त्यात राहायला सासू-सासरे, लग्नाची धाकटी नणंद आणि आम्ही दोघं. सासरे निवृत्त मुख्याध्यापक, मी शाळेत शिक्षिका, नवरा सरकारी कचेरीत कारकून. ऐंशीच्या दशकातली पहिली वर्षं होती. गावात ज्याच्या त्याच्या घरी सनमायका आणि शोकेस यायला लागले होते.

आमच्याकडेही तेच आलं असतं, पण नेमकं तेव्हाच नवऱ्याच्या हाती कुठलंसं मासिक पडलं. त्यात स्वभावाप्रमाणे घर सजवण्यावर लेख होता. लेखकाच्या मते माणसं तीन प्रकारची. राजस माणसाने मखमल वापरावी, संसारी माणसाने कपाटं वाढवावीत आणि कलंदर माणसाने जमिनीलगत बसावं, अंधुक उजेडात, मातकट रंगांत.

"मी कलंदर आहे," नवरा म्हणाला.

हा माणूस भर मे महिन्यात छत्री घेऊन कचेरीत जायचा. डबा बांधायच्या फडक्यालाही इस्त्री लागायची त्याला.

"अहो, तुम्ही अगदी संसारी आहात," मी म्हटलं.

तो दुखावला. "अगो, वरवर आहे मी संसारी. आतून नाही."

"आतलं आतच राहू दे," सासरे पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "मला पाठ टेकायला काहीतरी आण."

पण कलंदर लोकांचं ऐकत नाहीत. त्याने भिंतींना कॉफीचा रंग दिला. जमिनीवर गाद्या आणि लोड टाकले. आंब्याच्या करंड्या उलट्या टांगून त्यांत दिवे सोडले. त्यातून उजेड इतका कलात्मक पडायचा, की घरात आलेल्या माणसाचं तोंड ओळखण्याआधी त्याचा आवाज ऐकावा लागे. सासूबाई तांदूळ निवडायला मागच्या पडवीत गेल्या त्या तिथेच राहिल्या. सासऱ्यांनी गादीवर बसायचा एकदा प्रयत्न केला. त्यांना उठवायला मी आणि नणंद दोघी लागलो. मग तेही पडवीत गेले.

एवढ्यावर भागलं असतं. पण समुद्राकाठच्या कलंदराच्या भिंतीवर मासेमारीचं जाळं असायलाच हवं, असं नवऱ्याच्या मनाने घेतलं. रविवारी आम्ही मिरकरवाड्याला गेलो. मी पिशवी घेतली होती. म्हटलं, निदान बांगडे तरी मिळतील. धक्क्यावर एक म्हातारा जाळं शिवत बसला होता. नवऱ्याने त्याच्याकडे जुनं, टाकाऊ जाळं मागितलं.

"कशाला?"

"भिंतीला लावायला."

म्हाताऱ्याने आधी नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "भिंतीवर काय गावनार?" एवढंच तो म्हणाला आणि फाटक्या जाळ्याचं एक गाठोडं आमच्यापुढे ढकललं.

एसटीत कंडक्टरने आम्हाला सगळ्यात मागे बसवलं आणि पुढचे लोक आपसूक आणखी पुढे सरकले. घरी आल्यावर मी म्हाताऱ्याचं बोलणं सासऱ्यांना सांगितलं आणि मग ते जाळं साबणाने धुतलं, रिठ्याने धुतलं, उन्हात वाळवलं. आम्ही काही वासाला घाबरणारी माणसं नव्हे. पण मासळीचा वास येतो तेव्हा पाठोपाठ ताटात कालवण यावं अशी अपेक्षा असते.

"हा समुद्राचा वास आहे," नवरा म्हणाला.

"समुद्र इतका मारत नाही," सासूबाई पडवीतून म्हणाल्या.

जाळं भिंतीवर चढलं आणि वाडीतली मांजरं आमच्याकडे यायला लागली. आधी दारात बसायची. मग गादीवर बसायला लागली. त्या खोलीत खऱ्या अर्थाने रमलेली तीच.

अशातच नणंदेला बघायला पाहुणे यायचं ठरलं. मुलगा मुंबईत बँकेत होता, आईवडील चिपळूणचे. मी नवऱ्याला म्हटलं, निदान त्या दिवसापुरत्या शेजारून खुर्च्या आणू. तो म्हणाला, "आपण आहोत तसे दिसू दे त्यांना."

मुलाचे वडील चांगले आडवे, भारदस्त गृहस्थ होते. ते टप्प्याटप्प्याने खाली बसले. आधी भिंत धरली, मग लोड, मग मुलाचा खांदा. बरोबर जाळ्याखालीच बसले. नणंदेने पोह्यांच्या बशा आणल्या. मुलाच्या आईने स्वयंपाक येतो का विचारलं. नणंद उत्तर देणार एवढ्यात एका बोक्याने दारातून झेप घेऊन जाळं धरलं. खिळे निघाले. जाळं, बोका आणि मूठभर कॉफी रंगाचा गिलावा असं सगळं त्या गृहस्थांच्या अंगावर आलं.

जाळ्याखालून फक्त बोक्याचा आवाज येत होता.

"गावला," पडवीच्या दारातून सासरे म्हणाले.

नणंद हसत सुटली. तोंडाला पदर लावूनही तिला आवरेना. मी, सासूबाई आणि मुलाची आई, तिघी मिळून त्या गृहस्थांना सोडवायला लागलो. बोटं अडकत होती, बोका फिस्कारत होता. आणि मुलगा काय करत होता? तो जाळ्याचं टोक हातात धरून नवऱ्याला म्हणत होता, "आयडिया फारच कलात्मक आहे हो. मुंबईत आता असंच करतात."

"तुम्हालाही आवड दिसते!" नवऱ्याचा चेहरा उजळला.

एवढं होऊनही चार दिवसांनी त्यांच्याकडून होकार आला. नणंदेने मात्र साफ सांगितलं, "मी नाही करणार. बाप जाळ्यात अडकलाय आणि हा जाळ्याचं कौतुक करतोय. असा एक घरात आहे, तेवढा पुरे."

नवरा त्यानंतर बरेच दिवस कोपऱ्यात पडलेल्या जाळ्याला वळसा घालून जायचा. मला त्याची दयाही आली. मग एका सकाळी त्याने स्वतःच जाळं उचललं आणि परसात पडवळाच्या मांडवावर टाकलं. खोलीचं आता काय करायचं, हे त्याने मला विचारलं नाही आणि मीही त्याला विचारलं नाही. दिवाळीची सुट्टी लागल्यावर मी भिंतींना पांढरा चुना लावून घेतला, करंड्यांतून दिवे मोकळे केले आणि शाळेचं काम करणाऱ्या सुताराकडून एक लांबरुंद टेबल आणि दोन बाकं करून घेतली. टेबल खिडकीशी लावलं. मी तिथे पेपर तपासायची, सासरे पत्ते मांडायचे, सासूबाई भाजी चिरायच्या.

"ही कुठली शैली?" नवऱ्याने एकदा विचारलं.

"पाय दुखू नयेत अशी," मी म्हटलं. तो बाकाच्या टोकाला बसला आणि चहा मागितला.

पुढच्या खेपेला संगमेश्वरकडचे पाहुणे आले ते ठरल्या वेळेच्या बरेच आधी. टेबलावर भिजवलेल्या वालांचं पातेलं तसंच होतं. मी उचलायला धावले, तर मुलाची आई म्हणाली, "राहू दे गो, बोलता बोलता होतील सोलून." ती बसली, पाठोपाठ नणंद बसली आणि मग मुलगाही बाह्या सरसावून बसला. त्याला वाल धड सोलता येत नव्हते. नणंदेने त्याच्या हातातला वाल काढून घेतला आणि कसा दाबायचा ते दाखवलं. पाहुणे रात्री बिरड्याची उसळ जेवूनच गेले आणि वैशाखात लग्न झालं.