मुखपृष्ठावरचा हात

माझ्या भावाला बँडमधले सगळे भोंगा म्हणायचे. ट्रम्पेट वाजवणाऱ्याला दुसरं काय म्हणणार म्हणा! आणि हा इतका भोळा, की फोन उचलल्यावर स्वतःच सांगायचा, "हां, भोंगा बोलतोय." मी त्याची थोरली बहीण. भावजयीच्या शेवटच्या आजारपणापासून त्याच्याच घरात राहते. पुढच्या खोलीत माझं शिलाईचं मशीन आहे. माझ्या जिभेला हाड नाही असं गिऱ्हाइकं म्हणतात. म्हणोत बापडी. उसवलेलं शिवून मिळतं ना, मग झालं तर.

भोंगा काही मोठा माणूस नाही. दिवसा गोदामात पेट्या चढवतो, उतरवतो. संध्याकाळी तालमीच्या खोलीत जातो. दुकानाचं उद्घाटन असो, कुणाचं लग्न असो, कुणाची अंत्ययात्रा असो, नाहीतर सुट्टीच्या दिवशी बागेतला चौथरा, बोलावतील तिथे बँडबरोबर उभा राहतो. पण ट्रम्पेटच्या कळा दाबणारी त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं कधी म्हणून गप्प बसायची नाहीत. जेवताना ताटाच्या काठावर, बसमध्ये दांड्यावर, सारखी आपली वरखाली. भावजय अंथरुणाला खिळली होती तेव्हा तिच्या मनगटावर ती बोटं चालायची, आणि ती डोळे मिटूनच ओळखायची कोणतं गाणं चाललंय ते. मी दारात उभी राहून बघायची आणि आत निघून जायची.

त्यांच्या बँडच्या कार्यक्रमात एक गाणं असं असतं, की बाकी सगळे हळू होतात आणि एकटं ट्रम्पेट पुढे येऊन वाजतं. ते गाणं इतकी वर्षं भोंग्याचं. तेवढ्या वेळापुरता तो गोदामातला हमाल नसायचा, बस्स. पण यंदा बँडचे मास्तर त्याला म्हणाले, "वरचे सूर थकल्यासारखे वाटतात रे. नवीन मोसम सुरू होताना बघू, तुझ्याकडे ठेवायचं की दुसऱ्या कुणाला द्यायचं." त्या दिवसापासून याची झोप उडाली. ट्रम्पेटच्या तोंडात टॉवेल कोंबून न्हाणीघरात सराव करायला लागला. मी ओरडायची, "अरे, मला अंघोळ करू देशील का नाही?" आतून उत्तर यायचं, "ताई, दोनच मिनिटं." त्याची दोन मिनिटं म्हणजे माझा चहा दोनदा गार व्हायचा.

मास्तरांबद्दलही सांगायला हवं. माणूस खडूस, पण न्यायाचा. त्यांचा एकच दंडक: अंगात बँडचा कोट असताना वाद्याची थट्टा करायची नाही. एकदा ढोलवाल्यानं लोकांना हसवायला ढोलाची काठी नाकावर उभी करून दाखवली. बिचारा अख्खा मोसम सगळ्यांची स्टँड उचलत फिरला. ते कोट मीच शिवते. निळे, पितळी बटणांचे, छातीवर बिल्ला. त्यामुळे त्या कोटाचा मला जरा जास्तच अभिमान आहे, तो असू दे.

आता माझी भाची. भोंग्याची एकुलती एक लेक. माध्यमांचा का कसला अभ्यासक्रम करत होती. शेवटच्या वर्षाला त्यांना संगीताचं मासिक तयार करायचं होतं. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि मधलं जोडपान. आणि ते कुणासाठी, हे आधी ठरवायचं. टार्गेट ऑडियन्स म्हणे. मी म्हटलं, "म्हणजे नेम धरून मारायचं कुणाला तरी?" ती म्हणाली, "आत्या, वाचक गं! कोण वाचणार, त्याचं वय काय, तो काय खातो, काय घालतो, कशानं खूश होतो, सगळं आधी शोधून काढायचं. मग त्याच्या आवडीचे रंग, त्याच्या आवडीची अक्षरं."

वर्गातल्या सगळ्यांनी कॉलेजातल्या पोरांसाठी मासिकं काढायला घेतली. काळं पान, त्यावर गिटार, आणि केसांआड डोळे झाकलेली मुलगी. हिनं वेगळं ठरवलं. पोटासाठी वाजवणाऱ्या लोकांसाठी मासिक. बाबांसारख्या. नाव ठेवलं 'फुंकर'. भोंग्याला तिनं हे सांगितलं तेव्हा तो जेवत होता. घास हातातच राहिला. "आमच्यासाठी?" म्हणाला. "आम्हांला कोण वाचायला देतंय बाळा!" आणि मग माझ्याकडे बघून असा काही हसला, की मला मेलीला भरून आलं.

तो तिला तालमीच्या खोलीत घेऊन गेला. मीही गेले, कुणाच्या तरी कोटाचं माप घ्यायचं होतं. पोरीनं छापील प्रश्न आणले होते. ढोलवाल्याला विचारलं, "तुम्ही दिवसातून किती वेळ संगीत ऐकता?" तो म्हणाला, "ऐकायला वेळ कुठे आहे बाई, आम्ही वाजवतो." दुसऱ्याला विचारलं, "मासिकात काय असलेलं आवडेल?" तो म्हणाला, "ओठ फुटल्यावर काय लावायचं ते लिहा." सगळे हसले. मास्तरसुद्धा हसले, म्हणजे बघा. भोंगा तर लग्नघरातल्या यजमानासारखा मिरवत होता. "नीट उत्तरं द्या रे, पोरीच्या मार्कांचा प्रश्न आहे."

मग तिनं त्याचा फोटो काढला. कोट घालून, खिडकीजवळ, ट्रम्पेट ओठांना. तो खरोखर वाजवत होता, कारण नुसता आव आणायला त्याला जमत नाही. पोर म्हणाली, "बाबा, आवाज नकोय, फोटोच आहे." तो म्हणाला, "आवाज काढल्याशिवाय गाल नीट येत नाहीत." मी तिथेच होते. उजव्या हाताची तीन बोटं वर, डावा हात खालून धरलेला. जगातला कुठलाही ट्रम्पेटवाला असाच धरतो.

त्यानंतर पोर संगणकासमोर जी बसली ती बसलीच. जेवण तिथेच, चहा तिथेच. भोंगा मागून डोकवायला गेला की पडदा झाकायची. "कॉलेजच्या प्रदर्शनात बघा!" मग हाही बोटं वाजवत परत यायचा.

प्रदर्शनाला त्यानं अख्ख्या बँडला बोलावलं. मास्तरांच्या घरी जाऊन आमंत्रण दिलं. पोर म्हणाली, "बाबा, कोट घालून या, ट्रम्पेटही आणा, सरांवर छाप पडेल." मी कोटाला इस्त्री केली, बटणं चिंचेनं घासली. कॉलेजच्या त्या लांबलचक खोलीत भिंतीभर मासिकं लावली होती. आमच्या पोरीचं सगळ्यात मोठं, मधोमध. वर 'फुंकर', खाली माझा भाऊ, भिंतीएवढा. मला आधी रडूच आलं. मग डोळे पुसून नीट बघितलं. कोटाची बटणं चुकीच्या बाजूला! मी शिवलेला कोट, मला कळणार नाही? बायकांच्या कोटासारखी बटणं, छातीवरचा बिल्ला गायब, आणि ट्रम्पेटच्या कळांवर... डावा हात.

"अगं, हे काय केलंस?" मी तिला बाजूला ओढून म्हटलं.

"फोटो आरशातल्यासारखा फिरवला गं. चेहरा पान उलटतात त्या बाजूला बघायला हवा, नाहीतर वाचकाची नजर बाहेर जाते. बिल्ल्यावरची अक्षरं उलटी दिसायला लागली, म्हणून पुसला. कळतसुद्धा नाही, हो ना?" तिचा चेहरा आनंदानं फुललेला. तिनं चेहरा फिरवला होता. हातही फिरला, हे तिच्या गावीही नव्हतं.

तेवढ्यात परीक्षक आले. बाहेरून बोलावलेले, चष्मेवाले, गोड बोलणारे. मुखपृष्ठासमोर थांबले. मागे बँडची माणसं उभी होती. ती एकमेकांना कोपरानं ढोसत होती, ढोलवाला तर तोंडात रुमाल धरून हसत होता. परीक्षक म्हणाले, "ट्रम्पेट डाव्या हातानं? मी तरी असं कधी पाहिलं नाही. हे डावखुरे आहेत का?"

"हो," भाची म्हणाली. "बाबा डावखुरेच आहेत."

एका क्षणाचाही विचार न करता. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. वाटलं, मार्कांसाठी थाप मारतेय कार्टी. पण नाही हो. तिच्या डोळ्यांत थाप नव्हती. ज्या पोरीनं पाळण्यात असल्यापासून ते ट्रम्पेट बघितलं, तिला खरंच ठाऊक नव्हतं. भोंग्यानंही तिच्याकडे बघितलं. त्यालाही तेच कळलं. त्याचा चेहरा कसा झाला ते मी सांगणार नाही, मला जमणार नाही.

"वा! मग ऐकवा की थोडं," परीक्षक म्हणाले.

मी मनात म्हटलं, उचल उजव्या हातात. हसतील, चूक कळेल, चार मार्क जातील, जाऊ देत. भोंग्यानं पेटी उघडली. ट्रम्पेट बाहेर काढलं. एकदा मास्तरांकडे बघितलं, एकदा लेकीकडे. आणि डाव्या हाताची बोटं वर ठेवली.

त्याचंच गाणं वाजवलं त्यानं, ते एकट्याचं. काय वाजवलं म्हणू! बोटं अडखळत होती, एक दाबायला जावं तर दुसरंच दाबलं जात होतं. सूर फाटले. वरचा सूर तर आलाच नाही, नुसती हवा आली. बँडमधलं हसणं कधीच थांबलं होतं. आजूबाजूची पोरं मात्र टाळ्या वाजवत होती, त्यांना काय कळतंय! परीक्षक म्हणाले, "किती प्रामाणिक." आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

मास्तर जवळ आले. हळूच विचारलं, "हे काय होतं?"

भोंगा म्हणाला, "गंमत केली, मास्तर. फोटोतही गंमतच केली होती."

"कोट घालून?"

"हो."

मी तोंड उघडणार तोच त्यानं माझं मनगट असं आवळलं, की बांगडी पिचली. मास्तर वळून निघून गेले. त्यांच्या मागोमाग बँडही गेला. पोरीनं दाराशी मासिकाच्या प्रती ठेवल्या होत्या, खास त्यांच्यासाठी छापलेल्या. जाताना कुणी उचलली नाही. ढोलवाल्यानं एक हातात घेतली, मुखपृष्ठ बघितलं आणि होती तिथे परत ठेवून दिली.

घरी येताना मी बसमध्ये नुसती फणफणत होते. "मी उद्याच्या उद्या मास्तरांकडे जाते. सांगते सगळं."

"काय सांगशील ताई? माझ्या लेकीला माझा हात माहीत नाही, हे सांगशील?"

"मग तिला तरी सांग!"

"तिला कळलं तर तिचं ते मासिक तिला परत बघवेल का? आमच्यासाठी म्हणून केलंय तिनं. शपथ आहे तुला माझी." असं म्हणून तो खिडकीबाहेर बघत बसला. त्याचा हात समोरच्या दांड्यावर होता. बोटं हलत नव्हती. मी मुद्दाम बघत होते.

मोसम सुरू झाला तेव्हा गाणं दुसऱ्या ट्रम्पेटवाल्याकडे गेलं. भोंगा मागच्या रांगेत, कडेला. मास्तर एवढंच म्हणाले, की दंडक सगळ्यांना सारखा. आता त्याला कुणी भोंगा म्हणत नाही. 'काय रे डावऱ्या' म्हणतात, आणि तो हसतो. न्हाणीघर आता रिकामं असतं. मी सकाळी हवा तेवढा वेळ अंघोळ करते. आग लागो त्या अंघोळीला.

पोर वर्गात पहिली आली. 'फुंकर'चं मुखपृष्ठ काचेत घालून कॉलेजच्या जिन्यात लावलंय, आणि तेच दाखवून तिला एका मासिकात कामही मिळालं. पहिल्या दिवशी निघताना ती मशीनजवळ आली, गळ्यात पडली. म्हणाली, "आत्या, मुलाखतीत म्हणाले, तुझा वाचक तुला किती बारकाईनं माहीत आहे!"

मी शपथ मोडली नाही. सांगितलं काहीच नाही. फक्त विचारलं. सुईत दोरा ओवता ओवता, सहज विचारावं तसं. "काय गं, तुझा बाबा ट्रम्पेट कोणत्या हातानं वाजवतो?"

ती थबकली. दोन्ही हात हवेत धरले, ओठांसमोर. आधी उजव्या हाताची बोटं हलवून बघितली. मग डाव्या. मग पुन्हा उजव्या. आतल्या खोलीत भोंगा गोदामात जायला बूट घालत होता. बुटांचा आवाज थांबला.

"डाव्या ना?" ती म्हणाली. "कव्हरवर आहे की."