सभा झाली

सोमवार, ११ मार्च २०२४. सकाळी दहा वाजता मी वलगावच्या एका भाजीवालीसोबत महापालिकेच्या पायऱ्या चढलो. तिचा नवरा नगरसचिवांच्या कार्यालयात शिपाई होता, मी लिपिक. तो वारला, मी निवृत्त झालो. चौकातल्या बाजारात कडुनिंबाखालची तिची बसायची जागा मात्र टिकून होती. आता बाजार उठणार असल्याचे तिच्या कानावर आले होते.

"नोटीस दिली का?" मी विचारले.

"काईच नाई, बाबूजी."

पूर्वी सभेची विषयपत्रिका तिचा नवरा सायकलने नगरसेवकांच्या घरी पोचवी आणि वाटेत बाजारात थांबे. कोणता विषय येणार, हे बायांना आधीच कळे. त्या सभागृहाच्या प्रेक्षक-सज्जात येऊन बसत. त्यांच्याकडे पाहून नगरसेवक बाके बडवीत आणि विषय तहकूब होई. बाजार उठवण्याचा प्रस्ताव असाच मागे पडत गेला. त्या गोंधळाचे इतिवृत्त मी नाखुशीने लिहीत असे.

पुढे नगरसेवकांची मुदत संपली. निवडणूक झाली नाही, प्रशासक आले. विषयपत्रिका आता कोणाच्याच घरी जात नाही.

प्रशासकांनी आम्हाला बसवले, चहा मागवला. माणूस सभ्य होता.

"हा विषय सभेपुढे कधी येणार?" मी विचारले.

"सभा झाली, काका. ठराव मंजूर आहे."

"हजर कोण होते?"

"मीच. सभेचे अधिकार सध्या माझ्याकडे आहेत."

"कोणी विरोध केला नाही?"

"कोण करणार?"

"मी करतो ना, सायेब," भाजीवाली म्हणाली. "मले कावून नाई बलावलं?"

"तुमचे म्हणणे नोंदवून घेतो, मावशी." त्यांनी ते खरोखरच लिहून घेतले. जागा मोकळी करायला यंत्र त्याच दुपारी येणार होते.

उतरताना सभागृहाच्या दारापाशी ती थांबली. दाराला कुलूप होते.

"नगरसेवक मेले लय बोंबलत इथं," ती म्हणाली. "तुमचं डोकं दुखे, असं आमचे मालक घरी सांगत. आता कसं शांत वाटते ना, बाबूजी?"

मी तिच्यासोबत पायऱ्या उतरलो.

चौकात पोचल्यावर तिने उरलेली मेथी आणि वांगी टोपलीत भरली, तराजू पिशवीत घातला. कडुनिंबाच्या फांदीला ताडपत्री तिच्या नवऱ्याने बांधली होती. गाठी पक्क्या होत्या. त्या न कापता मी एकेक सोडवली, दोरी गुंडाळली आणि ताडपत्रीची घडी घालून वलगावच्या ऑटोत तिच्या पायाशी ठेवली.