हनुवटीखाली मूठ

जांभई आली की मी आधी हनुवटीखाली मूठ धरते आणि मगच तोंड उघडते. कीर्तनात, लग्नात, एसटीत, कुठंही. नव्या माणसाला वाटतं, बाई फार विचारात पडलेली दिसते. विचारबिचार काही नसतो. मूठ धरली नाही तर उजव्या कानापाशी कट् असा आवाज होतो आणि तोंड उघडं ते उघडंच राहतं.

पहिल्यांदा असं झालं ते पेरू चावताना. घरचे पोट धरून हसले, कारण माझ्या तोंडाचा पट्टा अख्ख्या गल्लीला माहीत. "बरं झालं, देवानं ऐकलं माहं," सासू म्हणाली. गरम फडक्यानं शेकलं, गाल चोळले, पाच-दहा मिनिटांत जबडा आपला आपण जागेवर बसला आणि मी सगळ्यांना व्याजासकट सुनावलं. पण तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. कणीस दातानं तोडत नाही, दाणे काढून खाते. सकाळी उठल्याबरोबर दोन बोटं उभी करून दातांमध्ये धरते. मावली की दिवस सुरू. हसायचं तेही बेतानं, आणि बेतानं हसणं मला जन्मात जमलेलं नाही.

आमचं गाव मेहकर तालुक्यात, हिवरा आश्रमाच्या अलीकडं. बीटी कपाशी आली तेव्हा अळीसाठी फवारावं लागणार नाही असं सगळे सांगत होते. काही वर्षं निभलंही. मग बोंड फोडलं की आत गुलाबी अळी दिसायला लागली आणि पंप पुन्हा पाठीवर आला. त्याच वर्षांत आजूबाजूच्या गावांतून बातम्या यायच्या, अमक्यानं औषध घेतलं, तमकीनं घेतलं. औषध म्हणजे फवारणीचंच, ते कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. असं झालं की काय करायचं हे गावाला पाठ झालं होतं. मीठ-पाणी कोणी करायचं, जीप कोणाची काढायची. बाटली सोबत न्यायचीच, कारण दवाखान्यात आधी बाटली मागतात.

त्या दिवशी आमची फवारणी होती. नवरा पंप मारत होता, मी विहिरीवरून पाणी आणून देत होते. बाटली संपली तसा तो म्हणाला, "ही घरी घेऊन जाय. संध्याकाळी कृषी केंद्रवाल्याले दाखवतो, हेच दे म्हणतो." मी दुपारी घरी आले. लुगड्याला त्या औषधाचा वास येत होता. हातपाय धुतले, रिकामी बाटली शेजारी ठेवून ओट्यावर टेकले आणि अंबाडा सोडायला घेतला. दोन्ही हात केसांत असतानाच जांभई आली.

कट्.

मी घाबरले नाही, आधी. शेकलं की बसेल, असं वाटलं. पण कळेनं उठवेना, गाल दुखायला लागले. उघड्या तोंडातून लाळ गळून छातीवरचा पदर ओला झाला. सासू नात्यातल्या लग्नाला गेलेली. तेवढ्यात माझी पोरगी जेवणाच्या सुट्टीत शाळेतून आली. चौथीत होती. तिनं माझं तोंड पाहिलं, लाळ पाहिली, शेजारची बाटली पाहिली. दप्तर तिथंच टाकून ती गल्लीत पळाली आणि ओरडली, "माह्या आईनं औषध घेतलं व!"

दोन मिनिटांत ओटा भरला. शेजारच्या चाची, त्यांचं गाद्या भरायचं दुकान आमच्या भिंतीला लागून, मिठाचं पाणी घेऊनच आल्या. मी हात हलवून नाही-नाही केलं. "समदे असेच नाही म्हनते," कुणीतरी म्हणालं आणि माझे दोन्ही हात धरले. मला ओरडून सांगायचं होतं की अहो, हा माझा जबडा आहे! घशातून फक्त आऽऽ निघालं. पाणी उघड्या तोंडात ओतलं. तोंड मिटत नसेल तर गिळता येत नाही, हे त्यांना काय ठाऊक. माझा श्वास कोंडला, डोळ्यांतून पाणी आलं. रडते म्हणजे पश्चात्ताप झाला, असा सगळ्यांनी अर्थ काढला. आयुष्यात इतकी घाबरलेली मी कधी नव्हते. औषध न पिता मी या मिठाच्या पाण्यानं मरणार होते.

चाचीच्या मुलानं जीप काढली. चाचींनी बाटली फडक्यात गुंडाळून मांडीवर घेतली. पोरगी जीपच्या मागं पळत होती, तिला कुणीतरी धरून ठेवलं.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बाटली पाहिली, माझ्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि मग कानापुढं बोट दाबलं. मी कळवळले. "हिनं काही घेतलेलं नाही," ते म्हणाले, "जबडा निखळला आहे. आणि घरी पाणी कुणी पाजलं?" अंगठ्यांना पट्टी गुंडाळून त्यांनी ते माझ्या दाढांवर ठेवले, खाली दाबले, मागं ढकलले. तोंड मिटलं. मिटल्यावर पहिलं वाक्य मी चाचींना ऐकवलं, "सांगून राह्यली होती ना मी!"

"क्या बोल रही थी? आऽऽ?" चाची म्हणाल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. परतीच्या वाटेवर जीप नुसती हसत होती. मी हनुवटी धरून हसले.

पोरगी हसली नाही. मी तिला जवळ घेऊन सगळं सांगितलं, बाटली कशाला आणली, जांभई कशी आली. तिनं मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेतून पळत यायला लागली. मी विहिरीवर निघाले की मागं यायची. वेणी घालताना केस ओढले गेले तरी हूं की चूं नाही. आधी तर ती घर डोक्यावर घ्यायची.

आठवड्यानं चाचींनी मला बाजूला घेऊन त्यांच्या कानावर आलेलं सांगितलं. त्या दिवशी जीप गेल्यावर कुणा बाईनं पोरीला विचारलं होतं, "काऊन घेतलं व तुह्या मायनं?" आणि पोरीनं लगेच सांगितलं होतं, "मी सकाळी भांडली म्हणून."

सकाळी वेणी घालताना ती मला म्हणाली होती, तू माही माय नाहीस, जाय तिकडं. मीही म्हणाले होते, जाते बरं, पाहू मग कोण वेणी घालते तुही. रोजचंच भांडण, मी दारातून बाहेर पडेपर्यंत विसरलेही होते. मी तिला पुन्हा समोर बसवलं. जबडा दाखवला, कानापाशी तिचं बोट ठेवून तो कसा सरकतो ते दाखवलं, देवाची शपथ घेतली. तिनं पुन्हा मान डोलावली. मी त्या दिवशी ओट्यावर नाही-नाही करत होते तेव्हा लोकांनी माझ्याकडं जसं पाहिलं होतं, तशी ती माझ्याकडं पाहत होती. त्यानंतर ती माझ्याशी कधी भांडली नाही. बाया म्हणायच्या, पोरगी गुणाची हो तुमची. मला ते ऐकवत नसे.

आता ती लोणारला दिली आहे. रोज दुपारी फोन करते. "जबडा कसा आहे, आई?" हेच आधी विचारते. पहिल्या रिंगला फोन उचलायचा, हा मी स्वतःला घातलेला नेम आहे.

मागच्या महिन्यात चिक्कीचा तुकडा चावला आणि जबडा अडकला. घरात कुणी नव्हतं. मी शेकायला पाणी ठेवलं आणि तेवढ्यात फोन वाजला. उचलला नाही तर तिकडं तिचं काय होईल ते मला माहीत होतं. उचलला तर बोलायचं कशानं? मी उचलला.

"आई?"

आऽऽ.

मग तिनं हळू विचारलं, "जबडाच ना, आई?"

आऽऽ.

"मी कालच्या फोनवर जरा जास्तच बोलली का तुले?"

मी जोरजोरानं मान हलवली, नाही, नाही. फोनवर मान दिसत नाही. ती रडत माफी मागत होती, आणि माझं तोंड मिटत नव्हतं.