कलरमध्ये जाईल

मिरजोळ्याला एमआयडीसीत आमची पत्र्याच्या कामाची छोटी शेड आहे. शेडच्या मागच्या कोपऱ्यात पत्र्याची कात्रणं पडलेली असतात. भंगारवाला अधूनमधून डोकावतो, पण आमचे हे त्याला हात लावू देत नाहीत. "असू दे रे, कुठेतरी लागेल!" किस्स्यांचं तसंच झालंय. सव्वीस वर्षं मी दुपारचा डबा घेऊन शेडवर जाते, आणि रिकामा डबा परत आणते तेव्हा त्यात एखादा किस्सा असतोच. आज तो कोपरा साफ करायला काढलाय. मैत्रिणींनो, हात सांभाळा, कडा लागतात!

*

पत्र्याच्या धंद्यात शब्द पुष्कळ. बेंडिंग, बफिंग, डीबरिंग, कोटिंग. पण आमच्या शेडमध्ये सगळ्यात जास्त चालतं ते एक वाक्य. "कलरमध्ये जाईल."

वेल्डिंगचा फुगवटा राहिला? कलरमध्ये जाईल. भोक अर्धा सूत बाजूला पडलं? कलरमध्ये जाईल. बोलणारे दोघंच. एक आमचे हे, म्हणजे मुकुंदराव. दुसरे शिवरामदादा, आमचे वेल्डर. साठी उलटली तरी हात स्थिर आणि तोंड सैल.

हे वाक्य हळूहळू घरी आलं. एका संकष्टीला माझ्या मोदकाची पारी फुटली. हे शांतपणे म्हणाले, "वर तूप घाल. तुपात जाईल."

"अहो, गणपतीला दिसतं!"

"त्याने आजवर काही रिजेक्ट केलंय का?"

*

भट्टीत पावडर कोटिंग भाजताना गडबड झाली की रंग गुळगुळीत बसत नाही. संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. त्याला शेडमध्येही संत्र्याची सालच म्हणतात.

एका हॉटेलवाल्याची बारा कपाटं अशी साल घेऊन बाहेर आली. मी डबा ठेवून मनातल्या मनात रामरक्षा सुरू केली. हॉटेलवाले आले, बोट फिरवून म्हणाले, "हे काय?"

हे म्हणाले, "टेक्स्चर फिनिश. सध्या खूप चाललंय."

हॉटेलवाले खूश! इतके खूश, की पुढच्या महिन्यात म्हणाले, "अजून आठ कपाटं, अगदी तस्संच टेक्स्चर."

आता पंचाईत. तीनदा भट्टी लावली, तिन्ही वेळा रंग आरशासारखा गुळगुळीत! शिवरामदादा कपाळाला हात लावून बसले. "वहिनी, हव्या तेव्हा चुका पण येत नाय ओ आमाला."

*

हसण्यासारखं पुष्कळ होतं, पण भीतीही होती. दोन वर्षांपूर्वी एका कंपनीने इलेक्ट्रिक पॅनेलच्या पेट्यांचं काम बंद केलं, आणि शेड आठवड्यातले तीन दिवस गप्प बसायला लागली. माझे दीर भोसरीत असतात. दर रविवारी त्यांचा फोन. "दादा, शेड काढून टाक आणि ये इकडे. नोकरी बघून ठेवलीये." फोन ठेवला की हे उठून शेडचं कुलूप बघून यायचे. शिवरामदादा तर या वयात कुठे जाणार?

मी सोळा सोमवार धरले. मागणं एकच, शेडचं शटर वर राहू दे.

बाराव्या सोमवारी शेडवर तात्या आले. तात्या म्हणजे आमच्या आळीतल्या देवळाचे अध्यक्ष. बँकेतून रिटायर झाले, पण अजून काउंटरच्या पलीकडूनच बोलतात. देवळाला नवा सभामंडप करायचा होता. छप्पर, पन्हळी, दारं, खिडक्या. वर्षभराचं काम!

"पण आधी," तात्या म्हणाले, "वडाच्या पाराभोवती पत्र्याचा कठडा करा. तो बघून सभामंडपाचं ठरवू."

मी घरी येऊन आधी देवापुढे साखर ठेवली.

*

पत्र्याची जाडी गेजमध्ये मोजतात. आणि त्यातली गंमत अशी, की नंबर वाढला की पत्रा पातळ होतो. सोळा गेज जाड, वीस गेज त्याहून पातळ.

हे तात्यांना म्हणाले, "कठड्याला सोळा गेज घालू."

तात्यांची भुवई वर गेली. "सोळा? देवाच्या कामात काटकसर? वीस घाला!"

"तात्या, वीस म्हणजे पातळ होईल. नंबर वाढला की—"

"मुकुंदा, मी बत्तीस वर्षं बँकेत काढली. वाढलेला नंबर म्हणजे काय, ते तू मला शिकवू नकोस."

ह्यांनी आणखी दोनदा सांगून पाहिलं. दुसऱ्या वेळी तात्या म्हणाले, "जमत नसेल तर चिपळूणला एक जण आहे." झालं, वीस गेज ठरला.

तात्या गेल्यावर शिवरामदादा म्हणाले, "शेठ, आबार माना. चोवीस मागितलान नाय!"

*

कठड्याचं ड्रॉइंग बघायला तात्या आमच्या घरी आले. बरोबर त्यांच्या पत्नी, नलिनीताई. ह्या बाईंचं एक वाक्य पूर्ण झालेलं मी कधी ऐकलं नव्हतं. सुरुवात त्यांची, शेवट तात्यांचा. "मला वाटतं, चहा जरा..." असं त्या म्हणाल्या की तात्या म्हणणार, "गोड झालाय. तिला गोड चालत नाही."

सभामंडपाची देणगी खरं तर नलिनीताईंच्या माहेरच्या आंब्याच्या बागेतून येणार होती. बाग त्यांच्या नावावर. पाटीवर नाव मात्र तात्यांचं पडणार होतं. हेही वाक्य तसंच पूर्ण झालं म्हणायचं.

ड्रॉइंगवर हे बोट ठेवून समजावत होते. जी बाजू लोकांना दिसते ती दर्शनी बाजू. तिला कडा घासून, पुट्टी भरून, नीट फिनिशिंग करायचं. तात्यांनी पेन्सिल घेतली आणि देवळाच्या दाराकडच्या बाजूवर मोठी फुली मारली. "ही दर्शनी. माझ्या नावाची पाटी इथे. मागे तर दगडी गडगा आहे. तिकडे फिनिशिंग कशाला? तिकडे कोण जातंय?"

हे म्हणाले, "बरोबर. मागचं काय, कलरमध्ये जाईल."

मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. गेली सव्वीस वर्षं वटपौर्णिमेला मी त्या वडाला सात फेरे घालते. गडगा आणि पार यांच्यामधल्या बोळातून अंग चोरून जाते. मी म्हटलं, "पण मागून तर—"

"वहिनी," तात्या म्हणाले, "चहा फर्स्ट क्लास!"

नलिनीताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि कप उचलला. दोन कर्ते पुरुष टेबलाशी बसलेले, आणि वडाला मागची बाजू नसते हे दोघांपैकी एकालाही आठवलं नाही.

*

सोळावा सोमवार झाला, उद्यापन आलं. आता ही गोष्ट टॅकची. वेल्डिंग करताना जोड हलू नये म्हणून आधी दोन-चार ठिपके मारून ठेवतात, त्याला टॅक म्हणतात. पुरतं वेल्डिंग मागाहून. आमच्या घरच्या फाटकाच्या बिजागऱ्यांना शिवरामदादांनी अकरा वर्षांपूर्वी टॅक मारले होते. "फुल वेल्डिंग सवडीने करू ओ वहिनी."

उद्यापनाला सतरा दांपत्यं जेवायला, अंगणात रांगोळी, दाराला तोरण. गुरुजी आले. बाहेर करकर आवाज झाला. मी बघते तर गुरुजी अंगणात उभे. एका हातात पूजेची पिशवी, दुसऱ्या हातात आमचं फाटक!

"यजमान," ते म्हणाले, "हे कुठे ठेवू?"

शिवरामदादा पंगतीची वाट बघत पहिल्याच पाटावर बसले होते. मान वर न करता म्हणाले, "अकरा वर्षं टिकला की नाय? बोला!"

*

कोटिंगच्या आधी पत्रा टाक्यांमधून धुऊन काढतात. तेल जातं, गंज जातो. धुतलेल्या पत्र्याला मग उघड्या हाताने शिवायचं नाही. बोटाचं तेल लागलं की रंग तिथे धरत नाही. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी म्हटलं, "अगंबाई, हे तर आपलं सोवळंच!" शिवरामदादा म्हणाले, "तुमच्यापेक्षा कडक, वहिनी. तुमचा देव माफ करतो, आमची भट्टी नाय करत."

कठड्याचे पत्रे धुऊन टांगलेले होते आणि तात्या पाहणीला आले. "लांबूनच हां तात्या," हे म्हणेपर्यंत तात्यांनी पाटीच्या बरोबर खालच्या पत्र्यावर शाबासकीचा हात ठेवला. "वा! काय गुळगुळीत!"

दुसऱ्या दिवशी भट्टीतून पत्रा बाहेर आला. चॉकलेटी रंगावर पाच बोटं आणि तळवा, बारीक बारीक खड्ड्यांनी काढल्यासारखा स्वच्छ.

तात्या खवळले. "ऐन दर्शनी बाजूला! कोणाचा हात आहे हा? मुकुंदा, अशाने सभामंडप मिळत नसतो!"

शिवरामदादांनी हातमोजा काढला, आपला पंजा त्या ठशावर ठेवला. मोठा झाला. मग अदबीने बाजूला होऊन म्हणाले, "माजा बसत नाय. तुमी बगा ठेवून, तात्या."

तात्यांनी हात खिशात घातला आणि म्हणाले, "पत्रा नव्याने करा." तो नव्याने केला. मागच्या बाजूच्या कडा घासायला जो एक दिवस राखला होता, तो त्यातच गेला. शिवरामदादा म्हणाले, "कलरमध्ये जाईल."

*

एक गोष्ट कलरमध्ये कधीच जात नाही. पत्रा कापला की कडेला बारीक धारदार दातरी राहते. तिला बर म्हणतात. ती कानशीने घासूनच काढावी लागते. वरून कितीही पावडर मारा, ती तिथेच असते. आणि पत्रा पातळ असला की अगदी ब्लेड!

वटपौर्णिमेला सकाळीच देवळाचं आवार भरलं. कठडा झकास दिसत होता, पुढून. तात्या झब्बा घालून खुर्चीत बसले होते, हातात माईक. "भगिनींनो, फेरे उजवीकडून! घाई नको!" जसं काही ते दरवर्षी उपास करतात.

मी पूजा केली, सुताचं रीळ घेतलं आणि फेरे सुरू केले. पहिल्या फेऱ्याला मागच्या बोळात, दोन पत्रे जुळतात त्या कोपऱ्यावर दोरा टचकन तुटला. गाठ मारली, देवाची क्षमा मागितली, पुढे गेले. दुसऱ्या फेऱ्याला परत तिथेच! मागून आवाज आला, "अगो, माझा पण तुटला!" मग आणखी एक. मग तिसरा. त्या कोपऱ्याला तुटलेल्या सुताचा झुपका लोंबायला लागला.

"कोणी केलंन गो हे काम?"

"हिच्याच घोवाने! सात जन्म मागायला आली बाय, आणि घोवाने पहिल्याच फेऱ्यात कापून टाकलंन!"

बायका हसत होत्या, पण दोन-तीन म्हाताऱ्यांचे चेहरे उतरले होते. माझ्या डोळ्यांपुढे शेडचं शटर खाली येताना दिसत होतं. मी फोन केला. हे आणि शिवरामदादा कानस घेऊन धावत आले. तात्या माईकवरूनच ओरडले, "मुकुंदा! हे काम? सभामंडपाचं नाव काढू नकोस आता!" सगळ्या आळीने ऐकलं.

हे बोळात शिरले. मान खाली. तोवर बायका शहाण्या झाल्या होत्या. कोपऱ्यावर आलं की हात उंच करून दोरा कठड्याच्या वरून नेत होत्या.

ह्यांनी कानस कडेला लावली, तेवढ्यात नलिनीताई रीळ घेऊन त्या कोपऱ्यावर आल्या. त्यांचा हात खालीच होता. दोरा टचकन तुटला. त्यांनी तो पाहिला, गाठ मारली नाही. पदर सावरला आणि ह्यांच्या हातातली कानस अलगद बाजूला केली.

"सभामंडपाचं काम तुमचंच, भावजी. बाग माझी आहे, मी सांगते ह्यांना," त्या म्हणाल्या. "पण ही कड आत्ता घासू नका. माझे अजून सहा फेरे राहिलेत."