चार पंख्यांचं मॅचिंग

कॉलेजात सरांनी सांगितलं होतं, ड्रोन मुलं बनवतील, मुली फाइल लिहितील. मुलींचं अक्षर चांगलं असतं ना. माझी मुलगी बदलापूरच्या कॉलेजातून घरी आली आणि चप्पल न काढताच म्हणाली, "आई, मी एकटी बनवणार आहे." सरांनी एका अटीवर हो म्हटलं होतं. परीक्षेच्या दिवशी ते मशीन सगळ्यांसमोर जमिनीवरून उठलं पाहिजे. नाही उठलं तर मुकाट्याने मुलांच्या गटात बसून फाइल लिहायची.

तेव्हापासून आमच्या अंबरनाथच्या घरात सामान येऊ लागलं. चार हात, प्रत्येक हाताच्या टोकाला एक मोटर, मोटरवर पंखा आणि मध्ये पोट, एवढं मला समजलं होतं. हात कशाचे करायचे यातच बरेच दिवस गेले. लाकडाची पट्टी जड व्हायची. वायरिंगची पांढरी पाइप हलकी, पण दोन्ही टोकं धरली की लवायची. शेवटी स्लायडिंगच्या खिडक्या बनवणाऱ्याकडून ॲल्युमिनियमच्या पोकळ नळीचे उरलेले तुकडे मिळाले. पोटासाठी तिने माझा भाजी कापायचा प्लॅस्टिकचा पाट उचलला. मी नाही म्हणायच्या आत त्याला भोकं पडली होती.

"पाट उडणार म्हणे आता," तिचे पप्पा जेवताना म्हणाले. "उद्या लाटणं उडेल, परवा तू."

"मी उडाले तर तुमचा डबा कोण भरेल?"

ते हसले. मुलगी हसली नाही. ती नळी तळहातावर तोलत बसली होती.

मोटरी आणि बॅटरी आणायला आम्ही दोघी उल्हासनगरला, कॅम्प दोनला गेलो. दुकान बोळासारखं अरुंद, मालक सिंधी, पांढऱ्या मिशांचा, बोलणं भराभर. मी तिच्या मागे पिशवी धरून उभी. त्याने काढून दिलेली पहिली बॅटरी तिने अंगठ्याने दाबून पाहिली आणि परत सरकवली. "ये फुली हुई है, अंकल."

"अरे वडी साईं, ज़रा सी तो है! मेरा पेट भी फुला है, चलता हूँ कि नहीं?"

तिने दुसरी मागितली. फुगलेली बॅटरी पेट घेते, हे तिने मला रिक्षात सांगितलं. त्यानंतर आम्ही घेतलेली चांगली बॅटरीसुद्धा घरात असेपर्यंत मी गॅसजवळ फिरकू दिली नाही.

परीक्षेच्या आदल्या सकाळी तिने मशीन घरातच थोडं उडवून पाहिलं. ते तिरकं झालं आणि कपाटावर आपटलं. हात शाबूत राहिले, पण पंखे तुटले, चारही. तिचं तोंड एवढंसं झालं. तिला कॉलेजात प्रॅक्टिकलला जाणं भागच होतं.

"आई, तू जाशील? त्याच दुकानात. दोन जोड्या माग. त्याला माहितीये."

मी एकटी दुकानात बोलत नाही. शेजारच्या वाण्याकडेसुद्धा दुसरं गिऱ्हाईक निघेपर्यंत थांबते. पण मी हो म्हटलं. तुटक्यातला त्यातल्या त्यात बरा पंखा मी रुमालात बांधून घेतला. फॉल आणायला जाताना साडी नेतो तसा. नमुना हातात असला की बोलावं कमी लागतं.

रिक्षात मी वाक्य घोकत होते. दुकानात गर्दी होती. माझ्यानंतर आलेले दोघे सामान घेऊन गेले तेव्हा मालकानेच विचारलं, "बोलो भाभी." मी रुमाल सोडला. त्याने पंखा पाहिला, खोक्यातून चार काढून पाकिटात घातले आणि दुसऱ्याशी बोलायला लागला.

पाकिटावर इंग्रजी होतं. माझी शाळा चौथीत सुटली, ते मला वाचता येत नाही. पण डोळे आहेत. मी एकेक पंखा नमुन्यावर ठेवून पाहिला. दोन अगदी बसले. दोन बसेनात. आकार तोच, पण वळण उलटं, पातं दुसऱ्या बाजूला झुकलेलं. मॅचिंगच्या दुकानात गर्दीत असंच करतात. वर बरोबर रंगाचं, खाली दुसऱ्याच थानाचं. बाई अडाणी दिसली की उरलेला माल खपवतात.

"भैया, ये मॅचिंग नहीं है," मी म्हटलं. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. लोक वळून बघू लागले.

"भाभी, दो सीधा, दो उल्टा. ऐसाइच आता है."

ऐसाइच आता है. हे मी जन्मभर ऐकलंय. "नहीं. मेरे को चारों ऐसा मंगता," मी नमुना पुढे केला.

त्याने कपाळाला हात लावला. "लो, भाभी का राज है." दोन काढून घेतले, दोन बदलून दिले. मी चारही एकावर एक ठेवून पाहिले. एकासारखा एक. येताना मी रिक्षात पहिल्यांदाच पाठ टेकून बसले.

मुलगी संध्याकाळी उशिरा आली. हात धुवून तिने पाकीट उघडलं. एक पंखा पाहिला, दुसरा पाहिला, आणि सगळे जमिनीवर मांडले.

"आई, हे चारही एकाच बाजूचे आहेत."

"हो, मी बदलून घेतले. तो फसवत होता."

मग हळू आवाजात तिने सांगितलं. दोन मोटरी घड्याळासारख्या फिरतात आणि दोन उलट्या, म्हणून मशीन स्थिर राहतं, नाहीतर स्वतःभोवतीच गरगरेल. उलट्या मोटरीला उलटाच पंखा लागतो. सीधा लावला तर तो वर उचलायच्या ऐवजी खाली दाबेल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"चल," मी म्हटलं. तिने उलट्या मोटरींवर खुणेसाठी चिकटपट्टीचे तुकडे कापायला घेतले होते, ते तसेच टाकून, पंखे घेऊन आम्ही निघालो.

रस्त्यात ट्रक आडवा लागला होता. रिक्षा जागची हलेना. मुलगी दुकानाला फोन लावत होती, कोणी उचलत नव्हतं. शेवटी आम्ही उतरून चालत सुटलो, खरं तर पळतच. मालक शटर अर्ध्यावर ओढून खाली वाकला होता.

"भैया!"

त्याने मान वर केली. "आ गई मॅचिंगवाली भाभी!"

मुलगी बोलायला पुढे झाली. मी तिच्या दंडाला धरून मागे घेतलं. चूक मी केली होती, बोलायचंही मलाच होतं. "मेरा ग़लती था. आप बराबर बोलते थे. दो उल्टा दे दो. कल इसका परीक्षा है."

मला वाटलं, नाही म्हणणार. मग त्याने शटरला पाठ लावून ते वर ढकललं. "लड़ती बहुत हो, भाभी. आओ."

दोन उलटे त्याने माझ्याच हातात दिले, आणि मला ते सीध्यांशेजारी धरून बघायला लावले. झुकाव कुठे बदलतो ते मी बोटाने चाचपलं. तोवर मुलगी मागून म्हणत होती, "आई, बस झालं, तो बंद करतोय."

दुसऱ्या दिवशी ती मशीन चादरीत गुंडाळून घेऊन गेली. मी भात लावला आणि शिट्ट्या मोजायला विसरले. भात लागला. दुपारी तिच्या पप्पांच्या फोनवर व्हिडिओ आला. ते कंपनीतून सुटून घरी आले तेव्हा मला बघायला मिळाला.

व्हिडिओ कोणीतरी दुरून काढलेला. आवाज नुसता घूं घूं. मशीन हललं, एका बाजूने उचललं गेलं, परत टेकलं. कोणीतरी हसलं. मग ते सरळ वर गेलं, खिडकीच्या कठड्याएवढं, तिथे थरथरत थांबलं आणि खाली आलं. पप्पांनी तो परत परत लावला. ते मशीनकडे बघत होते.

मी तिच्या पायांकडे बघत होते. मशीन थरथरलं तेव्हा बाजूची सगळी मुलं मागे सरकली. ती सरकली नव्हती.