फोड बरे झाल्यावर

सिंगापुरात, तोआ पायोहच्या एका दवाखान्यात मी खोकल्यासाठी बसलो होतो. शेजारी चाळिशीचा एक गृहस्थ डॉक्टरांकडून बाहेर येऊन औषधाची वाट पाहत होता. मी फोनवर मराठी बोललो, तसा तो दचकला.

"इथल्या महाराष्ट्र मंडळात येता का हो तुम्ही?"

"नाही."

तो सैलावला. राहायचा बेडोकला; ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून इतक्या लांब आला होता. मग त्याने सगळंच सांगितलं. नको त्या जागी फोड आले होते आणि हर्पिस या लैंगिक रोगाची शंका होती. आयटीतला मॅनेजर असल्याने त्याने फोनवर तक्ता ठेवला होता: तारीख, जागा, जळजळ. तो अंगठ्याने वरखाली करत त्याने मलाही दाखवला. बारा दिवसांची नोंद चोख होती.

"इतके दिवस का थांबलात?"

"अहो, तशा अवस्थेत डॉक्टरला दाखवायचं कसं? म्हटलं, जरा बरं दिसू दे."

आता दाखवायला काहीच उरलं नव्हतं. डॉक्टरीण म्हणाली होती, फोड ताजे असते तर त्यातलाच नमुना घेतला असता. रक्ततपासणी इतक्यात भरवशाची नाही, तीन महिन्यांनी करू. तोवर बायकोला सांगा. बायको शनिवारी पुण्याहून कायमची राहायला येत होती.

त्याने तिथूनच फोन लावला. "अगं, तू निघायच्या आधी एक सांगायचंय." थोडं ऐकून तो म्हणाला, "नाही गं, नोकरी आहे. इथला वर्क पासही आहे."

पलीकडचा सुटकेचा निःश्वास मलाही ऐकू आला.

"तसं असतं तर सोपं होतं," तो म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून सांगू लागला.