छावणीपलीकडचं काळ्या लाकडांचं घर

छावणीच्या पलीकडं मोसंबीच्या मळ्यात एका निवृत्त गोऱ्या साहेबानं विलायतेतल्या आपल्या गावासारखं शेतघर बांधून घेतलं होतं. ते उभं केलं माझ्या वडिलांनी आणि त्यांच्या जोडीदारानं. दोघंही सुतार, एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलेले. जोडीदाराला मी चाचा म्हणायचे. ते बोलायचे दखनी, वडील मराठी, आणि कामावर दोघांची मिळून तिसरीच एक भाषा व्हायची.

आमच्याकडची घरं म्हणजे जाड मातीच्या भिंती आणि वर सपाट धाबं. या घराचा सगळा भार मात्र लाकडाच्या सांगाड्यावर होता. भिंती नुसत्या मधली जागा भरायला. दगडी जोत्यावर चारी बाजूंनी जाड आडवी तुळई, तिच्यात खांब, खांबांवर पुन्हा तुळया आणि कोपऱ्याकोपऱ्यात कमानीसारखे वाकडे आधार. ते आधार साहेबाला वाकड्याच वाढलेल्या झाडांचे हवे होते, म्हणून दोघं कन्नड तालुक्याकडच्या जंगलात आठवडाभर वाकडे साग शोधत हिंडले होते. लोखंडी खिळा एक नाही. एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून आरपार लाकडी खुंटी ठोकलेली. मध्ये बांबूच्या कामट्या, त्यांवर भुसा कालवलेली माती, वरून चुना. लाकडं डांबरानं काळी, भिंती पांढऱ्या. कौलांचं छप्पर इतकं उभं, की लोक हसायचे. इथं काय बर्फ पडतो?

साहेब विलायतेला परतला आणि मळा कन्नडच्या एका पाटलांनी घेतला. निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन झाली ती त्यानंतर. मी दहा वर्षांची होते.

त्या आठवड्यात खेड्यांकडून मुसलमानांवरच्या हल्ल्यांच्या वाईट बातम्या येत होत्या. एका सकाळी चाचा आमच्या दारात आले. त्यांची बायको आणि दोन मुली कन्नडच्या रस्त्यावरच्या एका गावात, माहेरी गेल्या होत्या; त्यांना आणायला ते निघाले होते.

"तू संग चल, भाई," ते वडिलांना म्हणाले. "तेरेकू देखे तो कोई कुछ नै बोलते."

आई आतल्या दारात उभी होती. तिला सातवा महिना होता. तिनं नको म्हणून नुसती मान हलवली. वडील म्हणाले, "दोन दिवस थांब. जरा निवळू दे."

"दो दिन नै रुकता मैं," चाचा म्हणाले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले.

वडील चौथ्या दिवशी त्या गावी जाऊन आले. चाचांच्या सासरच्या घराला कडीसुद्धा लावलेली नव्हती, आत कुणी नव्हतं. कुणी म्हणालं, हैदराबादला गेले. कुणी म्हणालं, तो इथपर्यंत पोचलाच नाही. पुढं वडिलांनी ओळखीच्या माणसांकडून दोनदा हैदराबादला निरोप धाडले. उत्तर आलं नाही. घरात तो विषय निघेनासा झाला.

मी प्राथमिक शाळेत मास्तरीण झाले त्या वर्षी पाटलांचं बोलावणं आलं. मळ्यातलं घर एका अंगाला कलंडलं होतं. जोत्यावरच्या तुळईला वाळवी लागली होती. दगडाला ओल येते आणि लाकूड खालून जातं, हे वडिलांनी साहेबाला तेव्हाच सांगितलं होतं म्हणे. पाटलांना उरलेला सांगाडा उतरवून कन्नडच्या शेतात पुन्हा उभा करायचा होता.

"मिस्त्री, तुम्हीच बांधलंय, तुम्हीच उतरवा," ते म्हणाले.

शाळेला सुट्टी होती. लाकडांची यादी लिहायला मी वडिलांसोबत जाऊ लागले. आधी कौलं उतरली, मग माती पाडली. घर नुसत्या हाडांवर उभं राहिलं. मग वडिलांनी वरच्या तुळईची खुंटी आतून ठोकून काढली. सांधा सुटला, आणि इतकी वर्षं खाचेत दडलेलं टोक उजेडात आलं. आतलं लाकूड कालच कापल्यासारखं पिवळं होतं. त्यावर पटाशीनं कोरलेला उर्दूतला पाच होता. खाचेच्या बाजूला पाच उभ्या रेघा.

"सांगाडा आधी जमिनीवर जुळवला होता," वडील म्हणाले. "कुठलं कुठं बसतं ते कळाया खुणा केल्या. रेघा माझ्या. आकडे त्याचे."

मी लिहिलं. सहा निघाला, सात निघाला. आठव्या सांध्याला वडील शिडीवरून खाली उतरले आणि जोत्यावर बसले.

"त्यानं मला संग चल म्हटलं होतं," ते म्हणाले.

"मला माहीत आहे, बाबा. मी तिथंच होते. आई नको म्हणाली."

"तिचं नाव नको घेऊ." ते माझ्याकडं बघत नव्हते. "ती नसती म्हणाली तरी गेलो नसतो. मलाच भ्या वाटलं. तिच्या मानेआड लपलो मी."

मी त्यांना पाण्याचा तांब्या दिला. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि पुन्हा शिडी चढले. संध्याकाळपर्यंत त्यांनी एकही सांधा तोडून काढला नाही. प्रत्येक खुंटी हळूहळू सैल केली. मजूर कंटाळून गेले.

कन्नडला सांगाडा उभा राहिला, पण अर्धाच. दोन टोकांना दोन जाणते सुतार लागतात आणि दोघांनी एकाच दमात उचलायचं असतं. दुसऱ्या टोकाला आलेला माणूस वाईट नव्हता, पण वडिलांची हाक त्याला कळायची नाही. वरच्या तुळया खाचांत बसेनात. पाटलांनी शेवटी त्यावर पत्रे टाकले आणि कांदा भरला. वाकडे आधार बांधावर पडून राहिले.

परतताना आमची एसटी चाचांच्या सासरच्या गावाच्या फाट्यावर थांबली आणि ते काही न सांगता उतरले. मी मागोमाग गेले. त्या घरात आता दुसरंच कुटुंब राहत होतं. अंगणात एक बाई मिरच्या वाळत घालत होती.

"इथं पयले जे राहायचे," वडिलांनी विचारलं, "त्यांचं काही कळलं का?"

"आमाला नाय माहीत, दादा," ती म्हणाली. "आमी आलो तवा मोकळंच व्हतं."

तिनं बसा म्हटलं, पण वडील बसले नाहीत. अंगणातच उभे राहिले. बाईला अवघडल्यासारखं झालं. तिनं मिरच्या उगाच पुन्हा पसरल्या. बऱ्याच वेळानं त्यांनी माझा हात धरला, मी लहान असताना धरायचे तसा, आणि आम्ही फाट्याकडं निघालो.